परदेशात कार्ड ‘नको’ म्हणतं तेव्हा: नकार कुणाचा, हे आधी ओळखा

‘दादा, कार्ड चालंना झालंय. मशीन नको म्हणालंय.’

रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, बेळगावच्या तिलकवाडीत सगळं सामसूम, आणि फोनवरचा आवाज घाबरलेला. जर्मनीत तेव्हा संध्याकाळचे आठ. काउंटरवर सामान मांडलेलं, मागे रांग, आणि हातातलं कार्ड दोनदा परत आलेलं.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघतो. आमची माणसं प्रदर्शनाला, गिऱ्हाइकाकडे, नवं मशीन बघायला बाहेर जातात. त्यांच्या तिकिटापासून पैशापर्यंतची तयारी माझ्याकडे असते. त्यामुळे नात्यातले, गल्लीतले लोकही मलाच विचारतात. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली खानापूरची आई, दुबईच्या सहलीला चाललेलं निपाणीचं जोडपं, जर्मनीत शिकायला गेलेला शहापूरचा पोरगा. देश वेगळे, माणसं वेगळी, अडचण हीच. ती वारंवार येते म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

असा फोन आला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: ‘बँकेचा मेसेज आला काय?’

कार्ड मशीनला लावलं की पैशाची मागणी दुकानदाराच्या बँकेकडून निघते, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून आपल्या बँकेपर्यंत येते. आपली बँक शिल्लक, पिन, मर्यादा बघते आणि होय किंवा नाही कळवते. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. नकार आपल्या बँकेनं दिला असेल, तर बहुतेक बँका लगेच मेसेज किंवा अ‍ॅपमध्ये सूचना पाठवतात आणि कारणही त्यातच असतं. फोनला रेंज असून काहीच आलं नाही, तर मागणी बहुधा इथवर पोचलेलीच नाही. अडलंय ते तिकडच्या मशीनपाशी. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत आणि लोक दोन्हीवर एकच इलाज करतात: तेच कार्ड पुन्हा लावतात. त्या गडबडीत पिन चुकतो, आणि तीनदा चुकला की बहुतेक बँका तो अडवून ठेवतात. म्हणून दुसऱ्या नकारानंतर थांबा, मशीनच्या पडद्याचा फोटो काढा, बाजूला व्हा.

नकार आपल्या बँकेचा असेल तर

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे परदेशाचं बटण बंद असणं. 2020 साली रिझर्व्ह बँकेनं नियम केला, तेव्हापासून नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालण्यापुरतंच सुरू होऊन हातात येतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि नुसतं टेकवून पैसे देणं, हे तिन्ही आपण स्वतः सुरू करायचे असतात. जुनं कार्ड सिंगापूरला चाललं होतं म्हणून नवंही चालेल, असं होत नाही.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये गेलात की परदेशासाठी वेगळा भाग दिसेल. त्यात एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टेकवून देणं, अशी चार बटणं वेगवेगळी असतात. लोक वरचं एक सुरू करतात आणि काम झालं समजतात. चारही बघा. टेकवून देण्याचं बटण विसरू नका. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख घेतच नाहीत. कार्ड टेकवायचं आणि चढायचं.

आणि बटणाच्या शेजारी मर्यादेचा आकडा असतो, त्याच्याकडे माझं स्वतःचं एकदा लक्ष गेलं नाही. जून 2023 मध्ये ड्यूसेलडॉर्फला गिफा हे फौंड्रीवाल्यांचं मोठं प्रदर्शन होतं. ते चार वर्षांतून एकदा भरतं, म्हणून आम्ही तिघं गेलो होतो. निघताना हॉटेलचं बिल 400 युरो झालं. कार्ड घातलं, पिन दिला, मशीन थोडं थांबलं आणि नाही म्हणालं. खात्यात पैसे भरपूर, परदेशाचं बटण मी स्वतः बेळगावातून सुरू केलेलं. काउंटरवरच्या बाईंनी मशीन माझ्याकडे वळवून शांतपणे पुन्हा विचारलं. बाहेर टॅक्सी उभी होती आणि विमानाची वेळ पुढे सरकत होती. तेवढ्यात फोनवर मेसेज आला: मर्यादेपेक्षा जास्त रक्कम. अ‍ॅप उघडून बघतो तर परदेशातल्या दुकानासाठी दिवसाची मर्यादा 25,000 रुपये. 400 युरो म्हणजे तेव्हा 36,000 च्या घरात. हॉटेलच्या वायफायवरूनच मर्यादा वाढवली आणि पुढच्या मिनिटाला पावती आली. मर्यादा रुपयांत असते आणि बिल युरोत येतं, हे डोक्यात नसलं की हमखास असं होतं. काही अ‍ॅपमध्ये तर बटण सुरू केल्यावरही मर्यादा शून्यावरच असते, ती हातानं वाढवावी लागते.

तिसरं कारण आपल्या भागाचं खास आहे. इथं बऱ्याच घरांचा पैसा सहकारी बँकेत नाहीतर सोसायटीत असतो, आणि ते चांगलंच आहे. पण तिथलं कार्ड बहुधा साधं रुपे असतं, फक्त देशात चालणारं. त्याला कुठलंही बटण दाबून परदेशात नेता येत नाही. निपाणीच्या जोडप्याचं हेच झालं असतं. त्यांनी सहज म्हणून कार्डाचा फोटो पाठवला. उलट्या बाजूला डिस्कव्हर, डायनर्स क्लब किंवा जेसीबी, यातलं एकही चिन्ह नव्हतं. परदेशात चालणारं रुपे या जाळ्यांवरून जातं. सुदैवानं निघायला तीन आठवडे होते. दुसऱ्या बँकेत खातं उघडून कार्ड घरी यायला त्यातले दहा-बारा दिवस गेलेच. तेव्हा तुमचं कार्ड आत्ता काढून उलटं करून बघा. नुसतं रुपे असेल तर सोसायटीचं खातं तसंच राहू द्या आणि प्रवासासाठी दुसरं कार्ड घ्या.

फॉरेक्स कार्डाचं, म्हणजे परकी चलन आधीच भरून नेलेल्या कार्डाचं गणित निराळं. त्यात पैसे असूनही ‘इन्सफिशियंट फंड्स’ आलं, तर दोन गोष्टी तपासा. एक, हॉटेलनं किंवा गाडी भाड्यानं देणाऱ्यानं अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवली आहे का. ती गेलेली नसते, पण वापरताही येत नाही, आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. 500 युरो भरलेल्या कार्डावर 200 अडकले की उरले 300. म्हणून अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्यावं आणि शेवटचं बिल फॉरेक्स कार्डानं भागवावं. गाडीवाले तर बऱ्याचदा प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. दोन, चलन कुठलं भरलंय. युरो भरून स्वित्झर्लंडला गेलात तर तिथं फ्रँक लागतो. कार्ड चालतं, पण एका चलनातून दुसऱ्यात जाताना वेगळं शुल्क कापलं जातं आणि शिल्लक अंदाजापेक्षा लवकर संपते.

मेसेजच आला नाही तर

मग तुमच्या बँकेला फोन करून उपयोग नाही. तिकडचं मशीन तुमचं कार्ड ओळखत नाही, किंवा त्याला हवं ते मिळत नाही.

टेकवून नाही झालं तर कार्ड आत घालून पिन द्या. ठरावीक रकमेपुढे नुसतं टेकवून भागत नाही, पिन लागतो: युरोच्या देशांत ही हद्द साधारण 50 युरोंची आहे. जर्मनीत लहान बेकरी, चहाकॉफीचं दुकान, आठवड्याचा बाजार इथं एकतर त्यांचं देशी गिरोकार्ड चालतं नाहीतर रोख. तिथं व्हिसा नाकारलं म्हणून तुमच्या कार्डात काही बिघाड आहे, असं समजू नका. दुसऱ्या जाळ्याचं कार्ड देऊन बघा. घरातून निघताना एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड, तेही दोन वेगळ्या बँकांचं आणि दोन वेगळ्या खिशांत, एवढं केलंत तर यातल्या निम्म्या रात्री शांत जातात.

अमेरिकेतला पेट्रोल पंप मात्र आपल्या माणसांना हमखास अडवतो. माझा एक मावसभाऊ भाड्याची गाडी घेऊन निघाला होता. पंपावर कोणी माणूस नाही, सगळं मशीनवर. कार्ड घातलं तर झिपकोड, म्हणजे तिकडचा पिनकोड मागितला. तिलकवाडीचा 590006 टाकायला गेला, तर मशीन पाचच आकडे घेतं. आपले सहा. त्यानं शेवटचा आकडा सोडून बघितलं, पहिला सोडून बघितलं, आणि मशीननं कार्ड बाहेर टाकलं. फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘मशीन सोड, आत दुकानात जा.’ आत गल्ल्यावर पंपाचा नंबर सांगायचा, किती डॉलरचं हवं ते सांगून आधी कार्ड द्यायचं, मग बाहेर येऊन भरायचं. तिथं झिपकोड मागत नाहीत. कमी भरलं तर उरलेली रक्कम कार्डावर परत येते.

ओटीपी येईना झाला तर

हा अर्धा मोबाईलचा प्रश्न आहे. विमानतळावर उतरल्यावर स्वस्त पडतं म्हणून लोक तिथलं सिम घेतात आणि आपलं सिम काढून पाकिटात ठेवतात. झालं. ओटीपी बंद, आणि सिम काढलं की बऱ्याच बँकांचं अ‍ॅपही उघडत नाही, कारण ते त्या सिमला बांधलेलं असतं. मग मर्यादा वाढवायची म्हटली तरी हात बांधलेले. आपलं सिम फोनमध्येच ठेवा, रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, डेटा बंद ठेवा. तिकडचं सिम दुसऱ्या खाचेत घाला किंवा ई-सिम घ्या. रोमिंगमध्ये आलेल्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत.

मुलीकडे पाच-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांचं आणखी एक. इथल्या नंबरचं रिचार्ज मध्येच संपतं आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. आधी मेसेज यायचे थांबतात, आणि तीन महिने वापरच झाला नाही तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. त्या नंबरला खातं जोडलेलं असतं. घरी मागे राहिलेल्या कोणावर तरी रिचार्जची तारीख सोपवून जा.

आणि जाण्याआधी शाखेत जाऊन खात्याला नंबर नक्की कुठला जोडलाय ते विचारा. खानापूरच्या त्या मावशींच्या खात्याला त्यांच्या मुलाचा दहा वर्षांपूर्वीचा नंबर होता. मुलगा आता पुण्याला, नंबर कधीचाच गेलेला. फॉर्म भरून, आधार दाखवून दोन दिवसांत बदलला. न्यूजर्सीत बसून हे काम झालं नसतं.

कार्ड चाललं, पण पैसे जास्त गेले

ही तक्रार घरी आल्यावर कळते, म्हणून मला जास्त वाईट वाटते. मशीन विचारतं: रुपयांत देणार की इथल्या चलनात? आपला माणूस रुपये बघून सुखावतो आणि तेच दाबतो. तिथंच फसतो. रुपयांत केलेला तो दर तिकडचा मशीनवाला ठरवतो आणि त्यात स्वतःचा फायदा धरतो. दर 6 टक्क्यांनी महाग लावला, तर 400 युरोच्या बिलात 24 युरो गेले, आणि वर आपली बँक शुल्क लावू शकते ते वेगळंच. नेहमी तिथलं चलन निवडा: जर्मनीत युरो, दुबईत दिरहम, लंडनमध्ये पौंड. पर्यटकांच्या रस्त्यावर भिंतीत बसवलेली एटीएम हा प्रश्न फिरवून विचारतात: ‘दर मान्य आहे का?’ तिथं ‘नाही’ दाबलं तर पैसे मिळणार नाहीत, अशी भीती वाटते. मिळतात. व्यवहार पुढे चालू राहतो, फक्त दर आपल्या कार्डाच्या जाळ्याचा लागतो. दुकानदारानं तुम्हाला न विचारताच रुपये दाबले असतील, तर पावतीवर सही करण्याआधी रद्द करून पुन्हा करायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

तिथलं चलन निवडलं तरी आपली बँक परदेशी व्यवहारावर शुल्क घेते. बऱ्याच कार्डांवर ते 3.5 टक्के असतं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 100 युरोमागे जवळपास 4.13 युरो. फॉरेक्स कार्डात योग्य चलन भरलेलं असलं तर हे वाचतं. एटीएमवर मात्र दरवेळी आपल्या बँकेचं आणि तिकडच्या मशीनचं, अशी दोन शुल्कं लागू शकतात. थायलंडमध्ये एका वेळी 200 बाहतहून जास्त कापतात. तिथं रोज थोडं काढण्यापेक्षा दोन-तीनदाच मोठी रक्कम काढावी.

कार्ड थकलं की हातात रोख हवी

किती, हा प्रश्न सगळे विचारतात. मी आमच्या माणसांना पहिल्या तीन दिवसांचं खाणं, प्रवास आणि एका रात्रीची खोली एवढं धरून देतो, तेही लहान नोटांत. कायद्याप्रमाणे बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतच्या परकी नोटा घेता येतात, बाकी कार्डावर. मनी चेंजरला रोखीनं 50,000 रुपयांपर्यंतच देता येतात, त्यापुढे खात्यातून. आपले रुपये नेपाळ-भूतान सोडून इतरत्र जाताना 25,000 पर्यंत जवळ ठेवता येतात. परतल्यावर घरी जायला ते लागतातच, कारण बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्याला, परदेशी विमान उतरत नाही. गोवा, मुंबई नाहीतर बेंगळुरूहून पुढचा रस्ता आहेच. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट घेऊन शहरातल्या परवानाधारक चेंजरकडे चार-पाच दिवस आधी जा आणि पावती जपून ठेवा. विमानतळावर दर नेहमी महाग पडतो.

नोटा मोजून घेताना डोळे उघडे ठेवा. दुमडीवर फाटलेली, शाई किंवा शिक्का लागलेली डॉलरची नोट आग्नेय आशियात बरेच चेंजर घेत नाहीत. 100 डॉलरची निळ्या पट्टीची नोट 2013 पासून आली. त्याआधीची मिळाली तर बदलून मागा. नातेवाइकानं कपाटातून काढून प्रेमानं दिलेले पौंड तर आधी तपासाच. ब्रिटनमध्ये 20 आणि 50 च्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानात चालत नाहीत, त्या बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घ्याव्या लागतात. 500 युरोची नोट कायद्यानं चालते, पण दुकानदार हात लावत नाही.

शिकायला जाणाऱ्या पोरांनो, जर्मनीच्या ब्लॉक खात्यात, म्हणजे व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवायच्या खात्यात 11,904 युरो भरले म्हणून उतरल्याबरोबर पैसे मिळतील असं धरू नका. तिथं चालू खातं उघडल्यावर महिन्याला 992 युरो सुटतात. पत्ता नोंदवणं, खातं उघडणं यात आठवडे जातात. पहिल्या महिन्याचं भाडं आणि खाणं वेगळं घेऊन निघा.

खात्यातून गेले, एटीएममधून आलेच नाहीत

मशीनसमोरून लगेच हलू नका, दोन मिनिटं थांबा. कधीकधी नोटा उशिरा येतात. नाहीच आल्या तर पावती, मशीनवरचा क्रमांक, वेळ आणि त्या बँकेचं नाव यांचा फोटो घ्या. तक्रार तिकडच्या बँकेत करत बसू नका. ती आपल्या बँकेकडे, अ‍ॅपमधून किंवा ईमेलनं लेखी करायची आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. परदेशातल्या अशा तक्रारीला वेळ लागतो, पण लेखी तक्रार पहिल्या दिवशीची असली की ती टिकते. कार्ड मशीननं गिळलं असेल तर ते परत मिळवण्याच्या मागे लागण्याआधी अ‍ॅपमधून ते बंद करा. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवलेला असावा. 1800 ने सुरू होणारे बरेच नंबर बाहेरून लागत नाहीत.

घरी आल्यावर परदेशाची चारही बटणं बंद करा. उरलेल्या नोटा 2,000 डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासाला ठेवता येतात, त्यावरच्या 180 दिवसांत परत करायच्या. पुढचा महिनाभर खात्यावर नजर ठेवा, कारण गाडीचा टोल, हॉटेलचा उरलेला हिशेब मागाहून येतो. त्यात ओळख न पटणारी रक्कम दिसली, तर मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानं, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल, तर त्या मुदतीत कळवलेल्या रकमेचा भार तुमच्यावर येत नाही. चौथ्या दिवसापासून तो यायला लागतो.